मुलीच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी महाविद्यालय निवडताना नेमके काय पाहावे?

देवगडचा बागायतदार

नमस्कार. माझी धाकटी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ६३ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटीही तिने दिली आहे. गुणवत्ता यादीतील तिचा क्रमांक फार वरचा नाही आणि अगदी तळाचाही नाही. येत्या काही दिवसांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा आहे, आणि आमच्या घरातच काय, वाडीतही या क्षेत्रात कोणी गेलेले नसल्यामुळे पहिले नाव कोणते घालावे आणि दहावे कोणते, हे कशाच्या आधारे ठरवायचे ते मला समजत नाही.

नर्सिंग हा मुलीचा स्वतःचा निर्णय आहे. दोन वर्षांपूर्वी माझे वडील बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये ११ दिवस दाखल होते, तेव्हा रात्रीच्या सोबतीला बहुतेक वेळा तीच थांबत असे. घरी आल्यावर तिने डॉक्टरांविषयी फारसे सांगितले नाही, परंतु रात्रपाळीच्या सिस्टर कोणत्या वेळी काय करत होत्या, हे मात्र तिला तासागणिक आठवत होते. त्यामुळे ही लहर नसावी असे मी धरून चाललो आहे.

सध्या समोर चार वाटा आहेत. पहिली, घरापासून एसटीने दीड तासावर असलेले खाजगी महाविद्यालय. इमारत नवी आणि वसतिगृह चांगले आहे. दुसरी, पदवीचा नाद सोडून शासकीय संस्थेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करणे. तिसरी, मुंबई, माझी बहीण डोंबिवलीस राहते. चौथी वाट आपण होऊन आमच्याकडे चालत आली आहे: बंगळूरूहून एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा फोन करतात, ‘सीईटीची गरज नाही, बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश’ असे सांगतात आणि जागा राखून ठेवण्यासाठी काही रक्कम आगाऊ पाठवण्याचा आग्रह धरतात.

आमची चाळीसेक हापूसची कलमे आहेत, म्हणजे उत्पन्नाचा भरवसा मोहोर टिकेपर्यंतच. आम्ही ओबीसी प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या बरेच आत आहे. मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, त्यामुळे इंग्रजीचीही काळजी वाटते. शिवाय माझ्या आईने ‘चेडवाक इतक्या लांब धाडू नकात’ असा धोशा लावला आहे, तो वेगळाच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निशापाळी

दादा, मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, आहे आणि माझी २२ वर्षे सेवा झाली आहे. मी स्वतः जीएनएम केले आणि नोकरीत असताना दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीची पदवी, पूर्ण केले, त्यामुळे दोन्ही वाटांचे खाचखळगे मला माहीत आहेत.

जीएनएम तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. चार वर्षांचे असते. दोन्ही उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या (नर्सिंग) परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि राज्य शासनाच्या अधिपरिचारिका पदासाठी दोन्ही पात्रता चालतात. वॉर्डात उभे राहिल्यावर रुग्ण कोणाला पदवी विचारत नाही; सलाईन लावताना पहिल्याच प्रयत्नात शीर सापडली की नाही, एवढेच तो पाहतो. घरची ओढ असेल आणि शासकीय संस्थेत जागा मिळत असेल, तर जीएनएमला कमी लेखू नये. हा अभ्यासक्रम बंद होणार अशी चर्चा काही वर्षांपूर्वी उठली होती, परंतु तो आजही चालू आहे.

मात्र एक फरक मुलीला आत्ताच सांगून ठेवा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट नावाची परीक्षा होते. तिथे बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते, तर जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पुढे एम.एस्सी. करायचे तर आधी पोस्ट बेसिक करावे लागते, म्हणजे तीन आणि दोन मिळून पाच वर्षे होतात, आणि तीही सलग मिळतील असे नाही. मला मधल्या काळात लग्न, दोन बाळंतपणे आणि एक बदली सांभाळून ती दोन वर्षे काढावी लागली. म्हणून मुलीचे वय लहान आहे, सीईटी झालेली आहे आणि घरचे पाठीशी आहेत, अशा परिस्थितीत पदवीची संधी मिळत असेल तर मी पदवीच सुचवेन, आणि जीएनएमचा अर्जही भरून ठेवा असे सांगेन.

पाठ्यनिर्देशिका, रत्नागिरी

निशापाळी ताईंच्या मताशी मी सहमत आहे. मी गेली १४ वर्षे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवत आहे, त्यामुळे महाविद्यालय कसे पाहावे याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

पालक येतात तेव्हा ते इमारत, वसतिगृह आणि मेस पाहतात, आणि आम्हीही त्यांना तेच दाखवतो. वास्तविक त्यांनी पाहायला हवे ते रुग्णालय. नर्सिंगचे निम्म्याहून अधिक शिक्षण खाटेशेजारी होते, आणि खाटेवर रुग्णच नसेल तर विद्यार्थिनी चार वर्षे चादरीच्या घड्या घालायला शिकते, दुसरे काही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार महाविद्यालयाचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावे लागतात आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. आता हिशेब करून पाहा: एका वेळी २० मुली प्रात्यक्षिकासाठी पाठवल्या, तर त्यांच्या वाट्याला ६० रुग्ण यायला हवेत. फलकावर १०० खाटा असणे आणि त्यांपैकी ७५ खाटांवर माणसे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक ओळखायला डोळ्यांखेरीज कोणतेही साधन लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास, सकाळची पाळी सुटते आणि दुपारची लागते तेव्हा, रुग्णालयात जाऊन बसा. त्या अर्ध्या तासात किती रुग्ण आहेत, किती सिस्टर आहेत आणि विद्यार्थिनी पाळी सोपवतानाचा रुग्णांचा निरोप ऐकून घेत आहेत की भिंतीला टेकून उभ्या आहेत, हे सारे दिसते.

कोकणात राहून शिकण्याला काही जण कमीपणा मानतात. तो गैरसमज आहे. आमच्या मुली पहिल्या पावसानंतर लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे पावसाळी पाण्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण पाहतात, मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात पाहतात, आणि शहरातील मुलींनी जे केवळ पुस्तकात वाचलेले असतात ते सर्पदंश तर कितीतरी पाहतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचे जगभर वाखाणले गेलेले काम केले ते याच पट्टीत. एक उदाहरण देते. फुरसे हा विषारी साप चावलेला माणूस आला की आम्ही नव्या, कोरड्या काचेच्या नळीत त्याचे थोडे रक्त घेऊन ती नळी २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवतो आणि मग एकदाच तिरकी करतो. रक्त गोठले असेल तर ते नळीला धरून राहते. ओघळले तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविषाची तयारी करायची. दरवर्षी दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी अधीर होऊन सातव्या मिनिटाला नळी उचलून पाहते आणि चाचणी वाया घालवते. ती वीस मिनिटे स्वस्थ बसणे कोणत्याही प्रयोगशाळेतील पुतळा शिकवू शकत नाही.

त्याचबरोबर इथे काय मिळत नाही तेही सांगायला हवे. हृदयशस्त्रक्रिया, मोठे नवजात अतिदक्षता कक्ष, प्रत्यारोपण अशा गोष्टी लहान रुग्णालयात दिसणार नाहीत. त्यासाठी महाविद्यालय आपल्या मुलींना बाहेर कुठे आणि किती आठवडे पाठवते, हे विचारावे. मानसिक आरोग्याचा अनुभव घेण्यासाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सिंधुदुर्गातील महाविद्यालय तिथे मुलींना पाठवत असेल तर राहण्याची सोय कोण करते आणि त्याचे पैसे वेगळे घेतात का, हेही विचारावे. प्रसूतीच्या अनुभवाविषयी तर खोदून विचारावे. आमच्या वेळी प्रत्येकीला २० सामान्य प्रसूतींची नोंद पूर्ण करावी लागे, आणि ज्या रुग्णालयात महिन्याला चार बाळंतपणे होतात तिथे ही नोंदवही कशी भरली जाते, याचा अंदाज तुम्हीच करा.

कागदांच्या बाबतीत तीन ठिकाणची नावे जुळली पाहिजेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची परवानगी आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतील नाव, हे तिन्ही त्या त्या संकेतस्थळावर पाहता येते. महाविद्यालयाच्या दर्शनी भागात चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण त्याच्यावरचे वर्ष बऱ्याचदा जुने असते.

आपल्या जवळ ओरोसला २०२१ पासून आणि रत्नागिरीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, पडवे आणि डेरवण येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. ज्या नर्सिंग महाविद्यालयाच्या मुली अशा रुग्णालयांत नियमितपणे जातात, त्याला मी नव्या इमारतीपेक्षा अधिक गुण देईन.

लांज्याचा ब्रदर

काका, मी लांज्याचा असून सध्या मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करतो. मुंबईविषयी दोन गोष्टी सांगतो.

जे. जे. समूहाचे शासकीय नर्सिंग महाविद्यालय मिळत असेल तर विचार करत बसू नका. मात्र तिथे स्पर्धा फार असते, म्हणून पसंतीक्रमात ते सर्वांत वर घालून खाली खात्रीची नावे ठेवा. वर घातल्याने काही बिघडत नाही. एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालयही जुने आणि नावाजलेले आहे. त्याची प्रवेशाची पद्धत स्वतंत्रपणे पाहून घ्यावी. परंतु डोंबिवलीस आत्या आहे म्हणून मुंबई निवडू नका. सकाळी आठच्या पाळीला पोहोचण्यासाठी साडेपाचला उठून लोकल पकडायची, पाळी संपल्यावर वर्गात बसायचे आणि रात्री पुन्हा त्याच गर्दीतून परतायचे, हे मी पहिले वर्षभर केले आणि त्या वर्षी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. वसतिगृह मिळत असेल तरच मुंबई.

मुलीला लष्करात जायची इच्छा असेल तर पुण्याचे एएफएमसी (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचे आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचे रुग्णालय येथे मुलींसाठी बी.एस्सी. नर्सिंग असते आणि नंतर अधिकारी म्हणून नेमणूक मिळते. पण त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते, तेव्हा यंदा तो मार्ग नसावा. नॉरसेटचा उल्लेख ताईंनी वर केलाच आहे. केंद्र शासनाच्या नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपये आणि राज्याच्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० रुपये आहे. एम्समध्ये ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असतात, म्हणजे तुमच्या मुलीचे माझ्यापेक्षा बरे चालले आहे. खाजगी रुग्णालयातील सुरुवातीच्या पगाराविषयी मात्र फार अपेक्षा ठेवू नका. पहिली दोन वर्षे आपण अनुभव कमावतो, पैसे नव्हे.

गुहागरकर

मी या क्षेत्रातला नाही, पण बंगळूरूच्या फोनविषयी वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

माझ्या भाच्याला असाच फोन आला होता. आगाऊ रक्कम भरली, बारावीचा निकाल लागल्यावर आठवड्यात प्रवेश मिळाला आणि आम्ही सर्वांनी पेढे वाटले. महाविद्यालयात पोहोचल्यावर कळले की सांगितलेल्या रकमेत वसतिगृह, गणवेश, परीक्षा आणि प्रात्यक्षिकासाठीची बस यांपैकी काहीच धरलेले नव्हते. मूळ गुणपत्रिका पहिल्याच दिवशी जमा करून घेतल्या. दुसऱ्या वर्षी त्याला परत यावेसे वाटले, तेव्हा उरलेल्या दोन वर्षांची फी भरल्याशिवाय कागद मिळणार नाहीत असे सांगण्यात आले. फोन करणारे गृहस्थ तोपर्यंत नंबर बदलून मोकळे झाले होते. भाच्याने अखेर तिथेच पदवी पूर्ण केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात नोंदणी करून घेण्यासाठी तिकडच्या परिषदेचा ना हरकत दाखला आणि इकडच्या परिषदेचे अर्ज यांत त्याचे काही महिने गेले. तेवढ्या काळात दोन भरतीच्या जाहिराती हातच्या निसटल्या.

कर्नाटक वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. निम्हान्स आणि सेंट जॉन्ससारख्या नामांकित संस्था बंगळूरूतच आहेत. पण त्यांना देवगडात फोन करून विद्यार्थी गोळा करावे लागत नाहीत.

देवगडचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. आगाऊ रक्कम पाठवलेली नाही आणि आता पाठवणारही नाही.

पाठ्यनिर्देशिका ताईंना दोन प्रश्न विचारतो. मुलींची फी माफ होते असे ऐकले आहे, त्यात नर्सिंग येते का? आणि मराठी माध्यमातील मुलीला हा अभ्यास झेपतो का?

पाठ्यनिर्देशिका, रत्नागिरी

राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. यातील महत्त्वाची अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटीनंतरच्या शासकीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला, तसेच अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू होत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित महाविद्यालयात ही योजना या अभ्यासक्रमाला लागू असल्याचे लेखी विचारून घ्यावे आणि महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज मुदतीत भरावा. ‘आत्ता आमच्याकडे थेट प्रवेश घ्या, फेऱ्यांची वाट कशाला पाहता’ असे कोणी आपुलकीने सुचवले, तर ती आपुलकी चार वर्षांच्या फीएवढी महाग पडू शकते.

माफी मिळते ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके आणि बस यांचा खर्च आपला आपणच करायचा असतो, आणि खाजगी महाविद्यालयांत हाच आकडा फुगतो. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. महाविद्यालयाने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहावा आणि वरच्या प्रत्येक रकमेची पावती कोणत्या नावाने मिळेल, हे विचारावे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच तयार ठेवा. दरवर्षी दोन-तीन मुली केवळ जात वैधता वेळेत न मिळाल्यामुळे रडकुंडीला आलेल्या मी पाहते.

इंग्रजीची धास्ती पहिल्या सत्रात वाटते, हे खरे आहे. सध्याच्या अभ्यासक्रमात आठ सत्रे असतात आणि पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि परिचर्येचा पाया यांच्या जोडीला संभाषणात्मक इंग्रजी हा विषय असतो. आमच्याकडच्या बहुतेक मुली मराठी माध्यमातूनच येतात. ज्या रोज दहा नवे शब्द वहीत लिहून काढतात त्यांना दिवाळीनंतर अडचण राहत नाही. उलट रुग्णाच्या आजीशी मालवणीत बोलून तिला पथ्य समजावणे इंग्रजी माध्यमातील मुलींना जड जाते, आणि त्याला गुण नसतात ही आमच्या परीक्षेतील उणीव आहे.

निशापाळी

एक गोष्ट राहिली. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. आपण शेजारी उभे असलो की त्या सगळे छान आहे असेच सांगतात.

देवगडचा बागायतदार

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे तीन ठिकाणी जाऊन आलो. त्यांतील दोन ठिकाणांविषयी लिहितो, म्हणजे पुढे शोधणाऱ्यांना उपयोग होईल. नावे मुद्दाम देत नाही.

पहिले, घराजवळचे. प्राचार्यांनी चहा दिला आणि प्रयोगशाळा दाखवली. तिथे रुग्णाचा जो पुतळा होता, त्याच्यावरचे कारखान्यातील प्लॅस्टिकचे आवरण अजून काढलेले नव्हते आणि आवरणावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. महाविद्यालय सुरू होऊन चार वर्षे झाली आहेत. नंतर दुपारी दोन वाजता ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही रुग्णालयात जाऊन बसलो. पुरुष आणि स्त्री विभाग मिळून १४ रुग्ण मोजले. उरलेल्या खाटांवरच्या चादरी इतक्या नीट होत्या की त्यांच्यावर बरेच दिवस कोणी झोपले नसावे. मुलगी काही बोलली नाही. एसटीत बसल्यावर तिने फक्त ‘बाबा, इथे आजोबांसारखे कोणी नव्हतेच’ एवढेच म्हटले.

दुसरे, रत्नागिरी जिल्ह्यातील. इमारत जुनी आहे, जिन्यात पाणी गळत होते आणि वसतिगृहाच्या एका खोलीत चार मुली राहतात. रुग्णालयात मात्र बसायला बाक मिळाला नाही. एका खाटेपाशी दुसऱ्या वर्षाची मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे आणि सलाईनच्या थेंबांकडे आळीपाळीने पाहत उभी होती. माझ्या मुलीने विचारल्यावर तिने मान न वळवता ‘थांब, मोजते आहे’ असे सांगितले आणि मिनिट पुरे झाल्यावर आमच्याकडे वळून समजावले की ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे आहे, नळीच्या पाकिटावर एका मिलिलिटरचे २० थेंब असे छापलेले आहे, म्हणून मिनिटाला २१ थेंब पडले पाहिजेत. रात्री मी पाकीटबंद आंब्यांचा हिशेब करतो त्या वहीत हे मांडून पाहिले: १०,००० थेंब, ४८० मिनिटे, भागाकार २०.८. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. मी तिथून निघालो तरी माझी मुलगी अर्धा तास तिच्याशी बोलत राहिली. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही, पण मेसमधील आमटी पातळ असते आणि ‘मॅडम ओरडतात पण रात्री फोन केला तरी उचलतात’ एवढे माझ्या कानावर आले.

पसंतीक्रम पुढीलप्रमाणे भरला आहे: सर्वांत वर जे. जे., त्याखाली हे रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालय, मग वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मुली पाठवणारी आणखी तीन. घराजवळचे नाव यादीत घातलेलेच नाही. ते मिळाले असते तर मी मोहात पडलो असतो. जीएनएमचा अर्जही भरून ठेवला आहे. आईला अजून पटलेले नाही. गणपतीला पाच दिवस घरी यायला मिळणार असेल तरच जा, अशी तिची अट आहे. ती कितपत पाळता येईल?

पाठ्यनिर्देशिका, रत्नागिरी

आजींना खोटे सांगू नका. गणपतीत रुग्णालय बंद नसते आणि त्या दिवसांत महामार्गावर अपघातही वाढतात. मुलींना आळीपाळीने सुट्टी मिळते. एखाद्या वर्षी पाच दिवस, एखाद्या वर्षी दीड, आणि एखाद्या वर्षी वॉर्डातच आरती. पहिल्या वर्षी रात्रपाळी नसल्यामुळे यंदा बहुधा जमेल.

यादी चांगली झाली आहे. आता निकालाची वाट पाहताना एक काम करून घ्या. हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस मुलीला आत्ताच द्या. दुसरा एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी द्यायचा असतो, म्हणजे ती सुया हाताळू लागेपर्यंत निदान दोन झालेले असतील. लसीकरणाचा कागद जपून ठेवा, प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत तो बहुतेक ठिकाणी मागतात. आणि सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ घ्या. मोबाइल वॉर्डात नेता येत नाही.

देवगडचा बागायतदार

घड्याळ तिने रत्नागिरीच्या स्टँडासमोर त्याच दिवशी घेतले. लसीसाठी सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जातो.